खनिज कशाला म्हणायचं?

महाराष्ट्राच्या भूगोलात खनिजांचा धडा म्हणजे मुलांना नकोसा. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. नकाशात चंद्रपूरवर कोळशाचे ठिपके काढायचे, कोल्हापूर-रत्नागिरीवर बॉक्साईटचे, नागपूर-भंडाऱ्यावर मँगनीजचे. परीक्षेत 'जोड्या लावा' आलं की दोन गुण पदरात. संपला धडा!

आमच्या सोलापूरच्या मुलांना तर हे सगळं आणखीच लांबचं. इथे विहीर खणायला घेतली की वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला हा दगड. घरं बांधायला उत्तम, खडीला उत्तम, पण धातूच्या नावाने ठणठण गोपाळ. त्यामुळे 'खनिज' हा शब्द आमच्याकडे पुस्तकात भेटतो, पायाखाली नाही.

निवृत्तीनंतर निवांत वाचायला वेळ मिळाला आणि नागपूर-भंडाऱ्याच्या त्या काळ्या ठिपक्यांनी मला चांगलंच गुंतवून टाकलं. वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात बसला. खनिज म्हणायचं तरी कशाला? दगडाला खनिज कोण ठरवतं, निसर्ग की माणूस? आज त्याबद्दलच लिहिते आहे. लेख जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा!

आधी हे मँगनीज आपल्या घरात कुठे असतं ते पाहू. आमच्या लहानपणी घराघरात एक बॅटरी असायची (म्हणजे टॉर्च, सोलापुरात आम्ही तिला बॅटरीच म्हणायचो). मिलच्या तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांच्या हातात तर हमखास. तिचे सेल संपले की पोरं ते दगडाने फोडायची. आतली काळी कांडी निघाली की तिने फरशीवर लिहायचं आणि काळ्या भुकटीने हात, फ्रॉक सगळं माखून आईचा मार खायचा. ती काळी भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साईड. १८६६ साली लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने जो विजेचा घट बनवला, त्यात ही भुकटी होती. आपले कोरडे सेल त्याच घराण्यातले.

पण सेलमध्ये जातं ते मँगनीज म्हणजे किरकोळ. जगातल्या मँगनीजपैकी सुमारे नव्वद टक्के जातं पोलादात. १८५६ मध्ये बेसेमरने पोलाद स्वस्तात आणि भराभर करण्याची नवी रीत जाहीर केली, पण ते पोलाद तापवून ठोकलं की तडकायचं. लोखंडातला गंधक आणि आत राहिलेला प्राणवायू हे त्याचं कारण. रॉबर्ट मशेट नावाच्या इंग्रज धातुतज्ज्ञाने त्यात मँगनीज असलेलं लोखंड थोडंसं मिसळलं. मँगनीज गंधकाला आणि प्राणवायूला धरून बसतं, त्यांना लोखंडाच्या वाटेला जाऊ देत नाही. पोलाद सुधारलं, रेल्वेचे रूळ टिकाऊ झाले. मशेटच्या पेटंटची फी मात्र वेळेवर भरली गेली नाही आणि त्याचा हक्क गेला. पुढे १८६६ मध्ये त्याची सोळा वर्षांची मुलगी एकटीच लंडनला बेसेमरकडे गेली आणि तुमच्या यशात माझ्या वडिलांचा वाटा आहे असं तिने ठणकावून सांगितलं. बेसेमरने मशेटला वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन सुरू केलं. धन्य ती लेक!

नंतर १८८२ मध्ये हॅडफील्डने पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं. हे पोलाद जितकं ठोकाल तितकं वरून कठीण होत जातं. म्हणून रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे ते बसवतात आणि खडी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यातही तेच. म्हणजे आमच्या सोलापूरच्या आसपासच्या खाणींतला काळा पाषाण फोडणारा दात मँगनीजचा आहे! दगड आमचा, दात कुणाचा तरी.

*

आता नागपूरकडे जाऊ.

नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातले बालाघाट, छिंदवाडा अशा पट्ट्यात सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या कमानीत मँगनीज पसरलेलं आहे. मानसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी ही नागपूर जिल्ह्यातली नावं. चिखला, डोंगरी बुजुर्ग ही भंडाऱ्याची. तिरोडी, भरवेली, उकवा ही बालाघाटची. आपल्या काळ्या पाषाणापेक्षा हे दगड कितीतरी पटींनी जुने. मूळच्या गाळाचे थर जमिनीच्या पोटात दाबले गेले, भाजले गेले, वाकले. त्या थरांत मँगनीज होतं.

मानसर म्हटलं की इतिहासवाल्यांना वाकाटक आठवतात. रामटेकच्या पायथ्याशी असलेल्या मानसरच्या टेकडीवर उत्खनन झालं आणि प्रवरसेनाच्या काळचे अवशेष सापडले. त्याच गावाच्या शेजारी मँगनीजची खाण. एकाच गावात एकजण माती उकरून मूर्ती शोधतो आणि दुसरा काळा दगड. उकरणं दोघांचंही सारखंच!

भारतात मँगनीज काढायला सुरुवात झाली १८९२ साली, आंध्रात विजयनगरमकडे. आपल्या बाजूला 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही कंपनी १८९६ मध्ये उभी राहिली आणि शतक पालटता पालटता नागपूर जिल्ह्यातून माल निघू लागला. तेव्हा जगाला मँगनीज पुरवायचा तो रशिया, कॉकेशसच्या डोंगरांतून. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, पाठोपाठ रशियात बंडाळी माजली आणि तो पुरवठा आटला. भाव चढले. १९०७ मध्ये हिंदुस्थानातून नऊ लाख टनांच्या आसपास मँगनीज निघालं आणि आपला देश जगात पहिल्या रांगेत जाऊन बसला. तुमसरहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेसुद्धा मुख्यतः या दगडासाठीच.

याच काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात एक तरुण इंग्रज आला, लुईस ले फर्मर. १९०२ मध्ये आला तेव्हा वय बावीस. हा माणूस या रानांतून हिंडला, एकेक खाण पाहिली, दगडांचे नमुने तपासले आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ छापून मोकळा झाला. या पट्ट्यात एक विशिष्ट दगड त्याला पुन्हा पुन्हा भेटत होता. गार आणि मँगनीज असलेला गार्नेट यांचा तो बनलेला. त्याला फर्मरने नाव दिलं 'गोंडाईट', या भागात राहणाऱ्या गोंड लोकांवरून. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे. ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत तसा दगड सापडला तरी त्याला गोंडाईटच म्हणतात.

(जाता जाता: या फर्मरसाहेबाचा मुलगा म्हणजे पॅट्रिक ले फर्मर, इंग्रजीतला नावाजलेला प्रवासलेखक. बाप हिंदुस्थानात दगड तपासत होता आणि तान्ह्या पोराला इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलं होतं. मोठ्या ग्रंथांची किंमत कधी कधी घरचे लोक चुकवतात.)

*

आता खरा मुद्दा. त्या काळी खाणीतून काय निघायचं आणि काय विकलं जायचं?

सुरुवातीला मँगनीज टेकड्यांच्या माथ्यावर उघडंच पडलेलं होतं. कुदळ, पहार, घण, टोपली एवढ्यावर काम चाले. दगड फोडून खाली आणला की तो निवडायचा आणि हे काम बहुतेक बायकांचं. हातोडीने ठोकून काळा तुकडा इकडे, पांढरी गार किंवा गोंडाईट तिकडे. यात डोळ्यांइतकंच काम हाताचं. मँगनीजचा दगड गारेपेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे सवयीच्या हाताला उचलताक्षणी कळतं. आपण तूर निवडताना खडा जसा बोटाला आधी कळतो आणि डोळ्याला मागून, तसंच.

हा निवडलेला माल बोटीने विलायतेला, युरोपला, अमेरिकेला जाणार. इतक्या लांबचं भाडं परवडायचं तर दगडात मँगनीज भरपूर हवं. त्यामुळे ४८-५० टक्क्यांच्या पुढचा दगड तेवढा 'पहिल्या प्रतीचा'. त्याखालचा बराचसा माल खाणीच्या कडेला ढिगात जायचा. जो खनिज होता तो बोटीत चढला आणि जो 'दगड' होता तो इथेच राहिला. पण दोन्हींत मँगनीज होतंच की! फरक होता तो टक्क्यांचा, भाड्याचा आणि माहितीचा. कमी प्रतीच्या दगडातून मँगनीज वेगळं कसं काढायचं हे स्वस्तात जमत नव्हतं, म्हणून तो दगड.

हे वाचताना मला सराफ कट्ट्यावरचे झारेकरी आठवले. सोनाराच्या दुकानापुढची धूळ, राख झाडून न्यायची, पाण्यात धुवायची आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, असा हा धंदा. सोनाराला जी धूळ, ती झारेकऱ्याला खाण. धूळ तीच. झारेकऱ्याला एक रीत माहीत आहे, एवढाच काय तो फरक.

जगातही असंच घडलं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल नावाचं गाव आहे. तिथे चांदी आणि शिसं काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे डोंगर उभे राहिले होते. त्यात भरपूर जस्त होतं, पण ते सोडवता येत नव्हतं. मग १९०५ च्या सुमारास फेसाची रीत वापरात आली. दगडाचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडं तेल घालायचं, हवा सोडून फेस आणायचा. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि माती खाली बसते! कालपर्यंतचा कचरा एकाएकी खाण झाला. आज जगातलं बरंचसं तांबं, शिसं, जस्त याच रीतीने निघतं.

या रीतीमागे एका बाईची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कॅरी एव्हर्सन. दंतकथा अशी, की ही एक शाळामास्तरीण. भावाच्या खाणीतून आलेल्या तेलकट पिशव्या धुताना फेसावर धातू तरंगलेला तिने पाहिला. मास्तरीण म्हटल्यावर माझे कान टवकारले, कबूल करते! पण खरी हकीकत वेगळी. त्या शिकागोच्या एका डॉक्टरांच्या पत्नी. नवऱ्याने खाणीत पैसे गुंतवले म्हणून त्यांनी दगडांचा आणि रसायनांचा अभ्यास केला, प्रयोग केले आणि १८८६ मध्ये रीतसर पेटंट मिळवलं. योगायोगाने पिशव्या धुणारी बाई लोकांच्या पचनी पडते, प्रयोग करणारी बाई पडत नाही, म्हणून दंतकथा टिकली असावी. कारखान्यांनी फेस वापरायला सुरुवात केली तोवर पेटंटची मुदत संपून गेली होती. त्यांच्या हाती काहीच आलं नाही.

*

मँगनीजच्या दगडाला हा फेस तितकासा मानवत नाही. त्याची वाट निराळी, आणि आपल्या बायकांना तर चांगलीच ओळखीची. डाळ रोळताना आपण काय करतो? रोवळीत डाळ घेऊन पाण्यात वरखाली हलवतो. हलकं असेल ते वर येतं, जड खडा तळाशी जातो. मँगनीजचा दगड फोडून, चाळून, पाण्याच्या टाकीत जाळीवर घालतात आणि खालून पाण्याचे धक्के देतात. प्रत्येक धक्क्याला थर उचलला जातो आणि परत बसतो. असे धक्के बसत राहिले की जड मँगनीज खाली आणि हलकी गार वर असे दोन थर होतात. या यंत्राला 'जिग' म्हणतात. यंत्रानेच रोळायचं, दुसरं काय!

यात गोम आहे ती दगड किती बारीक करायचा याची. मोठा ठेवला तर एकाच तुकड्यात मँगनीज आणि गार चिकटलेली राहतात, तुकडा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. फार बारीक केला तर वीज जास्त लागते आणि पिठासारखा गाळ होऊन माल पाण्याबरोबर वाहून जातो. बारीक कणांसाठी मग जबरदस्त ताकदीची चुंबकं वापरतात. मँगनीजचे कण तिकडे किंचित ओढले जातात, गार ओढली जात नाही. एवढं करूनही एक दुखणं राहतं, फॉस्फरस. तो पोलादाला ठिसूळ करतो आणि आपल्या बऱ्याच मँगनीजमध्ये तो असा मुरलेला असतो की धुऊन जात नाही, चुंबकाला दाद देत नाही. प्रत्येक खाणीचा दगड वेगळा, त्याचं औषध वेगळं. म्हणून प्रयोगशाळा लागते.

ती आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आली. १ मार्च १९४८ रोजी भारतीय खाण ब्यूरोची स्थापना झाली, पुढे त्याचं मुख्यालय नागपूरला आलं. १९५० मध्ये जमशेदपूरला राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा उघडली आणि देशातल्या हलक्या प्रतीच्या मँगनीजवर तिथे काम सुरू झालं. नागपूरजवळ हिंगण्याला खाण ब्यूरोची खनिज शुद्धीकरणाची मोठी प्रयोगशाळा आहे. खाणीतून आलेला दगड तिथे आधी थोडा, मग टनावारी चालवून पाहतात आणि कोणती रीत लागू पडेल ते सांगतात. दगडाचा दवाखानाच म्हणा ना!

पण घड्याळाचे काटे पाहा. प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या त्याच वर्षांत आपला उत्तम माल झपाट्याने बाहेर चालला होता. १९४९ च्या सुमारास रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं बंद केलं. अमेरिका भारताकडे वळली. पाठोपाठ कोरियाचं युद्ध आलं. १९५३ मध्ये आपलं उत्पादन १८-१९ लाख टनांवर गेलं. डॉलर मिळाले, नव्या देशाला ते हवेच होते, त्यामुळे नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर ब्राझील, गॅबन इथल्या मोठ्या खाणी सुरू झाल्या, भाव पडले आणि आपल्याकडे काय उरलं? खोल गेलेले थर आणि कमी प्रतीचे ढीग.

२२ जून १९६२ रोजी मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे 'मॉयल', ही कंपनी झाली. त्यात ५१ टक्के वाटा केंद्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सरकारांचा मिळून आणि ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचा. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. सगळी मलई गेल्यावर पातेलं हाती आलं, असं कुणी म्हणेल. मला मात्र पुढची हकीकतच जास्त महत्त्वाची वाटते. त्या पातेल्याच्या तळाशी लागलेली साय खरवडून काढायची विद्या इथल्या लोकांनी कमावली.

टेकडीचा माथा संपला, तेव्हा जमिनीखाली जावं लागलं. भरवेलीची बालाघाट खाण आशियातली सर्वात खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. खाली दगड काढला की पोकळी राहते आणि पोकळी राहिली की वरचा डोंगर बसू पाहतो. म्हणून एक थर काढायचा, त्या जागी वाळू पाण्यात कालवून नळाने खाली सोडायची, पाणी निथळून जातं, वाळू घट्ट बसते आणि तीच पुढच्या थरासाठी उभं राहायची जमीन होते. पूर्वी छताला लाकडी टेकू द्यायचे. नंतर छतातच भोकं पाडून पोलादी बोल्ट आणि तारेचे दोर सिमेंटने पक्के बसवण्याची रीत आली. कापडाचे दोन थर टाके घालून एक करावेत, तसे दगडाचे थर एकत्र शिवून टाकायचे. टेकू गेले, आत यंत्रं फिरायला जागा झाली आणि डोक्यावरचं छत जास्त भरवशाचं झालं. पोटासाठी खाली उतरणाऱ्या माणसाच्या घरच्यांना ही सुधारणा सर्वात मोठी.

आता नदीची वाळूही दुर्मिळ झाली. मग खाणीतलाच टाकाऊ दगड दळून त्याने पोकळ्या भरण्याचे प्रयोग झाले. ढिगारा पुन्हा जिथून आला तिथेच! मला हे फार आवडलं.

डोंगरी बुजुर्गचा दगड मुळातच सेलला चालणारा. तिथे मॉयलने देशी तंत्राने आणखी एक कारखाना उभा केला. दगड भाजून, आम्लात विरघळवून, गाळून, त्यातून वीज सोडायची. शुद्ध मँगनीज डायऑक्साईड विजेच्या पट्टीवर थराने बसतो. तोच सेलमध्ये घालतात. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात हे होतं आणि आम्ही पोरांना नुसता ठिपका काढायला लावत होतो.

*

मग 'खनिज' कशाला म्हणायचं? याला आता सरकारी उत्तरही आहे. भारतीय खाण ब्यूरो प्रत्येक खनिजासाठी एक किमान टक्केवारी ठरवतं. मँगनीजसाठी ती १० टक्के. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ४८-५० च्या खालचं बाजूला पडत होतं, आज १० टक्क्यांचा दगडसुद्धा टाकून देता येत नाही, वेगळा रचून ठेवावा लागतो. उद्या कुणी नवी रीत शोधली तर तो कामी यावा म्हणून. दगड बदलला नाही. माणसाची समज बदलली, म्हणून त्याचं नाव बदललं.

अर्थात नुसती समजच नाही, भावही. गोव्यात वर्षानुवर्षं कमी प्रतीच्या लोहखनिजाचे ढीग डोंगरउतारावर पडून होते. चीनची मागणी वाढली आणि तेच ढीग विकले जाऊ लागले. मग हे ढीग कुणाचे, हा वाद कोर्टापर्यंत गेला. नकोसं असताना ज्याची मालकी कुणी सांगत नव्हतं, त्याचे हवंसं झाल्यावर दहा मालक निघाले!

आणि आजचं चित्र? मॉयलने २०२३-२४ मध्ये साडेसतरा लाख टनांवर उत्पादन नेलं, ही मोठी गोष्ट आहे. पण देशाची पोलादाची भूक त्याहून मोठी. त्यामुळे एके काळी जगाला मँगनीज पुरवणारा आपला देश आता दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलियातून ते विकत आणतो. १९०७ मध्ये जे गेलं ते परत येणार नाही. मला मुलांना हे शिकवायला आवडलं असतं, जोड्या लावण्यापेक्षा.

शेवटी दोन गोष्टी माणसांबद्दल, कारण दगडाच्या गोष्टीत ती हरवतात.

पहिली गोष्ट धुळीची. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होतो. चाल अडखळते, चेहरा लाकडासारखा होतो, बोलणं अस्पष्ट होतं. कूपर नावाच्या डॉक्टरने १८३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे पाहून लिहून ठेवलं होतं. म्हणजे नागपूरला पहिली कुदळ पडण्याच्या साठ वर्षं आधी हे माहीत होतं! उपाय साधा आहे: दगडाला भोक पाडताना पाणी सोडायचं, धूळ उडू द्यायची नाही, माणसांची नियमित तपासणी करायची. खाण कामगारांच्या आरोग्यासाठी १९९० मध्ये एक राष्ट्रीय संस्था कोलारला सुरू झाली, पुढे ती नागपूरला आली आणि २०१९ मध्ये अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. ज्ञान असणं आणि ते कामगाराच्या नाकापर्यंत पोचणं यात केवढं अंतर असतं!

दुसरी गोष्ट बायकांची. दगड हाताने निवडायच्या त्या. यंत्रं आली तसं ते काम कमी होत गेलं. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी होती. त्यामागे संरक्षणाचा विचार होता, पण त्यामुळे वरचं काम गेलं की खालचा दरवाजाही बंदच. २०१९ मध्ये सरकारने त्यांना तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी खाली जायची मुभा दिली. आज खाण अभियांत्रिकी शिकलेल्या मुली शाफ्टमधून खाली उतरू शकतात. आणि गंमत पाहा, जगातल्या काही खाणींत आता पट्ट्यावरून जाणारे दगड क्ष-किरणांनी आणि कॅमेऱ्याने पारखून हवेच्या फुंकरीने वेगळे करणारी यंत्रं बसवली आहेत. एकेक दगड पाहून 'हा इकडे, तो तिकडे'. नेमकं तेच काम, जे मानसरच्या बाया उन्हात बसून करत होत्या. यंत्राला पेटंट आहे. त्या बायांचं नाव कुठल्या ग्रंथात नाही.

गोंडांचं नाव निदान एका दगडाला मिळालं. पण तो दगड फर्मरच्या काळी ढिगात जाणारा होता, हेही विसरायला नको. आता तोही दळून, धुऊन कामी आणायची खटपट चालू आहे.

असो. बरंच लिहिलं. आमच्या नातेवाइकांपैकी जी मंडळी तुमसर, रामटेक, कामठी बाजूला आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीत, शेजारीपाजारी कुणी आजीबाई खाणीवर दगड निवडायला जायच्या असतील, तर त्यांच्याशी बोला. हातात घेतल्यावर दगड कसा ओळखायचा, दिवसाला किती ढीग व्हायचा, काय मजुरी मिळायची, गाणी म्हणायच्या का, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. ती पिढी आता थोडीच उरली आहे. आणि मलाही कळवा, मी वाट पाहते.